वैशाखात घेतलेलं माप

वाटूर फाट्यावर जालन्याची मोटार आली तेव्हा आमचं सामान पाच डाग होतं आणि माझे वडील, आबा, ते तिसऱ्यांदा मोजत होते. छप्पन साल. माझं वय एकोणचाळीस. "मुंबईत पाणी नळाला येतं म्हणं. मंग इथली हीर इसरशील," एवढंच ते म्हणाले. तुमच्यातले गावी मागं राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेले, दोघांनीही असं काहीतरी ऐकलं असेल.

मुंबईत मी अणुशक्तीच्या एका प्रयोगशाळेत नोंदणी कारकून झालो. अंगावर किती किरण पडले ते दाखवणारा फिल्म बॅज, अणुभट्टीला रिॲक्टर, हे शब्द जिभेवर बसले. वापरलेल्या इंधनातून उरणारा अतिशय किरणोत्सारी कचरा हजारो वर्षं घातक राहतो, तो साठवायच्या टाक्या तेवढी वर्षं टिकत नाहीत. म्हणून तो खोल खडकात, पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी पुरावा, असा वरिष्ठांचा विचार चालू होता. नुसता विचारच, पण विचाराचीही यादी होते. मी रजेवर गावी निघालो तेव्हा साहेबांनी कोरा तक्ता दिला: दगड कोणता, किती फूट, पाणी आहे का.

माळावरची आमची विहीर मी वैशाखात मोजली. बेचाळीस फूट, काळा पाषाण, मधे गेरूचा तांबडा पट्टा, तळ कोरडा. 'पाणी नाही' असं लिहून सही केली. आमच्याकडं विहीर दिवाळीनंतर, झरे स्थिरावले की मोजतात, मगच गहू किती पेरायचा ते ठरतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मुंबईच्या तीन वर्षांत ते डोक्यातून गेलं.

साहेब खूश झाले. वाटूरचं नाव यादीत टाइप झालं, तेही माझ्याच हातून. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "शाब्बास! हापिसाचा कचरा सासऱ्याच्या हिरीत. आबांना इचारलं व्हतं का?"

आबांना लिहिलं. त्यांचं कार्ड आलं: "उन्हाळ्यात कोणती हीर बोलती रं? दिवाळीनंतर पाणी सतरा हात ऱ्हातंय. साहेबाला जल्दी कळव."

तो आकडा तक्त्यात घालवेना. आबांना गाव वाचवायचं होतं. मलाही वाचवायचं होतं, आणि म्हणूनच आकडा फुगलेला असेल अशी भीती वाटत होती. दिवाळीनंतर चार दिवसांची रजा काढून गेलो आणि स्वतः दोर सोडला.

"बापावर भरोसा न्हाई?"

"हाय आबा. पण सही माझी हाय."

पाणी अकरा हात भरलं. काळ्या दगडामधल्या तांबड्या गेरूच्या थरातून ते झिरपताना दिसत होतं. आबा ओला दोर गुंडाळत म्हणाले, "सहा हात मी घातले. गावासाठी."

मी अकराच लिहिले. साहेबांनी न रागावता वाटूरवर रेघ मारली. मी सुटलो असं वाटलं, पण ते दोनच दिवस. यादीत अजून चार गावं आहेत. त्यांचे तक्ते मीच फायलीत लावले आहेत आणि त्यात महिन्याचा रकाना नाही. तो घालावा असं मी लेखी दिलं. "बघू," साहेब म्हणाले.

पूर्वी घर म्हणजे वाटूर, एवढं सरळ होतं. आता रजेवर जातो, आबांच्या शेजारी जेवायला बसतो आणि मनात ती चार नावं चालू असतात. त्यातलं एकही गाव मी पाहिलेलं नाही. पण तिथली विहीर कोणत्या महिन्यात मोजली हे कळेपर्यंत मला वाटूरलाही घरी आल्यासारखं वाटत नाही.