टॉवर बंद असताना दिलेला मिसकॉल

आधीच सांगून टाकते. मी या कट्ट्यावर येते ती झोप लागत नाही म्हणून, विश्वास आहे म्हणून नव्हे. इथले चकव्याचे आणि हडळीचे किस्से वाचून मी कितीदा तरी हसलेय, माफ करा. आमच्या वारूळवाडीत अंधार पडल्यावर उसाच्या कडेला कोणी फिरकत नाही, पण ते बिबट्याच्या भीतीने. भुताला विचारतंय कोण! तर असल्या गोष्टींशी माझं कधी देणंघेणं नव्हतं. पण हे एक आहे... कुणाला सांगितलं की लोक एकतर डोळे पुसतात, नाहीतर "तुझ्या डोक्याला ताण आला असेल" म्हणतात. दोन्हीचा आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकते. नावं बदलली आहेत.

कोरोनाची दुसरी लाट होती. आम्ही नारायणगावच्या बाजूला कॉलेजला होतो, म्हणजे नावाला. कॉलेज सगळं मोबाइलमध्ये. सरांनी प्रोजेक्ट दिला — साथीच्या काळात तरुण मुलांचं मन कसं सांभाळायचं, ऑनलाइन काहीतरी करा. बाकीच्यांनी पीपीटी केल्या आणि सुटले. माझ्या गटात शाहीन होती. जुन्नरची, घरचं बांगड्यांचं दुकान, बोलायला लागली की समोरचा पाच मिनिटांत हसणारच. ती म्हणाली, "पीपीटी सरसुद्धा बघणार नाहीत गं. पोरांशी बोलू या ना सरळ."

झालं. इन्स्टावर पेज काढलं, नाव ठेवलं 'बोल की राव!'. आधी नुसत्या पोस्टी टाकायचो, खोल श्वास घ्या, भरपूर पाणी प्या. राजुरीच्या एका पोराने खाली लिहिलं, "ताई, पाणी पितोय. पुढं काय?" शाहीन इतकी हसली! मग आम्ही एक नंबर दिला. नियम एवढाच, की आमची नावं सांगायची नाहीत, आम्ही सगळ्यांसाठी फक्त 'ताई'. आणि कुठल्या पोराकडे बॅलन्स असतो? मिसकॉल द्या, आम्ही उलटा फोन लावतो. पुण्याच्या एक समुपदेशक मॅडम अवघड प्रसंगात मदत करायच्या.

अहो, मिसकॉल सुरू झाले ते थांबेचनात. तीन भावंडांत एक फोन, बाप घरी बसून खेकसतोय, परीक्षा होणार की नाही, मैत्रीण बोलत नाही... ऐकून ऐकून माझे कान दुखायचे. खरंच सांगते, मी वैतागायचे. शाहीन नाही वैतागायची.

त्यात मनीषाचा मिसकॉल आला. बारावीची पोरगी, आंबेगावच्या पश्चिमेकडची, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडची, पार वरची वाडी. घोडेगावला वसतिगृहात शिकायची, ते बंद पडलं म्हणून घरी आलेली. आईला दवाखान्यात नेलं ते नेलंच. परत काही आणलं नाही, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. बाप गप्प. वाडीत रेंज नाही, म्हणून ही दुपारी वरच्या कड्यावर जाऊन बसायची आणि तिथून मिसकॉल द्यायची.

एक दिवस ती म्हणाली, "ताई, मला आईकडं जायचंय." कड्यावर बसून म्हणाली. शाहीनने कॉन्फरन्सवर मलाही घेतलं होतं, मी माझ्या घरून ऐकत होते. शाहीन शांतपणे म्हणाली, "आधी कड्यापासून मागं सरक बरं. सरकलीस? आता सांग, आई भात कसा करायची?" तासभर बोलल्या दोघी. आम्ही मॅडमना कळवलं, वाडीवर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना कळवलं. मॅडम पण तिच्याशी बोलल्या. पण मनीषा सांगायची सगळं शाहीनलाच. रोज दुपारी मिसकॉल, रोज शाहीनचा फोन. तेवढ्या एका धाग्यावर ती पोरगी होती, हे आम्हाला दोघींना पक्कं माहीत होतं.

आणि रमजान चालू असताना शाहीनलाच कोरोना झाला.

तिला तालुक्यातल्या एका कोविड सेंटरला हलवलं. जाताना तिने प्रोजेक्टचा फोन भावाकडे दिला, त्याने तो सॅनिटायझर मारून, पिशवीत घालून आमच्या फाटकाला अडकवला. तिच्याकडे दुसरा फोन नव्हता, हे लक्षात ठेवा. सेंटरमधल्या एक सिस्टर आमच्या गावच्या सूनबाई, त्यांच्या फोनवरून मला तिची खबर कळायची.

मनीषाला मी फोन लावला. "त्या ताई कुठंयत?" मी सांगितलं, जरा आजारी आहेत. मग म्हणाली, "त्या पण जात्याल का?"

मी घाईघाईने "काळजी घे" म्हणून फोन ठेवला. मी शाहीन नाही हो. मला नाही जमत तसं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वळीव झाला. वळीव कसला, नुसता धुमाकूळ. घोडेगावच्या वरचा सगळा पट्टा अंधारात गेला, झाडं रस्त्यावर, टॉवर बंद. मनीषाचा मिसकॉल नाही. तिचा फोन लागत नाही, आशाताईंचा लागत नाही, पोलीस पाटलांचा लागत नाही. मॅडम म्हणाल्या, "कुणीतरी प्रत्यक्ष जायला हवं." सगळीकडे नाकाबंदी. मामाचा भाजीचा पिकअप मंचरला असतो, त्याच्या मागे लागले. तो म्हणाला, "रस्ता मोकळा होऊ दे गं बये, मी काय उडत जाऊ का?" मी रोज दुपारी तो फोन हातात घेऊन ओट्यावर बसायचे. जेवण जात नव्हतं. आईने माझ्यापुढचं ताट उचलून नेलं तरी मला कळायचं नाही.

मधेच सिस्टरांचा फोन आला. थकलेला आवाज, पीपीई किटमधून बाहेर येऊन बोलत होत्या. "तुझ्या मैत्रिणीला ताप लई आहे गं. दुपारचं बरळती. म्हणती, थांबा, मिसकॉल आलाय, लावते. आणि मग बोलत बसती कुणाशी तरी. मास्क काढू नको म्हणलं तरी ऐकत न्हाई. आज कुणाला तरी ईदला घरी बोलवत व्हती. शेवया खायला ये म्हणली."

मी म्हटलं, अहो, दिवसभर तेच करायची, डोक्यात तेच बसलंय तिच्या. सिस्टर म्हणाल्या, "तेच असंल."

ईद झाली आणि त्यानंतर शाहीन गेली. दुपारच्या आधीच गेली. घरच्यांनी लांबूनच बघितलं, म्हणजे प्लास्टिकच बघितलं. याच्यावर मला जास्त लिहायचं नाहीये.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन — "रस्ता झालाय, निघ." मी रात्रभर रडलेली, अंगात त्राण नाही. पण न जाऊन कसं चालेल? एक गेलीच होती. दुसरी असेल की नाही, हे बघायला मी पिकअपमध्ये बसले. तारा अजून रस्त्याच्या कडेला लोळत होत्या. घोडेगाव सोडलं आणि माझ्या मोबाइलची रेंज गेली ती गेलीच.

वाडीत पोचलो तेव्हा मनीषाचा बाप पडवीत बसलेला. मी कोण, कुठली सांगितलं. "पोरगी कुठंय?" म्हटल्यावर त्याने कड्याकडे हात केला. मामाला तिथेच सोडून मी धावत सुटले.

ती होती. कड्यापासून चांगली मागे, एका हिरड्याच्या झाडाखाली बसलेली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते, बारीकशी पोरगी, मांडीवर करवंदं. मी तिथेच मटकन बसले आणि धाय मोकलून रडले. ती घाबरली बिचारी. मला करवंदं देऊ केली.

"अगं, मिसकॉल का नाही दिलास? मेली होतीस का?" मी ओरडलेच तिच्यावर. काय बोलतेय याचं भान नव्हतं.

"कसा देनार? टावर न्हाई, चार्जिंग न्हाई. फोन घरात बंद पडलाय." मग म्हणाली, "मंग मी कुकारा दिला."

कुकारा म्हणजे तोंडाभोवती हाताचे पंजे धरून 'कूऽऽ' करून हाक द्यायची. या डोंगरातली माणसं एका धारेवरून दुसऱ्या धारेवरच्या माणसाला असंच बोलावतात, गुरांमागे असताना. हाक पोचली की पलीकडून तसंच उत्तर येतं. ताई जुन्नरकडच्या, एवढंच हिला माहीत; मिसकॉल लागेना म्हणून हिने सरळ जुन्नरच्या दिशेला तोंड करून कुकारा दिला. फोन बंद, तर असा मिसकॉल!

"आणि?"

"ताई बोलल्या की." एवढ्या सहज म्हणाली, जसं काही शेजारणीने ओ दिली. "रोज बोलायच्या. लांबनं न्हाई, हितंच बसल्यावानी. म्हनल्या, मिसकॉल आला तुजा. कड्यापासून मागं बस म्हनल्या. मी बसले."

मी म्हटलं, मने, डोंगरात आवाज घुमतो. तुझाच आवाज तुला परत आला असेल.

ती लगेच म्हणाली, "माजा आवाज मला शेवया खायला बोलवंल का? ताई म्हनल्या, ईदला घरी ये, माजी अम्मी शेवया लई भारी करती. तवा कळलं मला त्या मुसलमान हायेत." मग करवंदं खाली ठेवली. "पन काल न्हाई बोलल्या. काल मी लई कुकारं दिलं."

मी अजून तिला काहीच सांगितलं नव्हतं. वाडीत कुणालाच सांगितलं नव्हतं, मामासुद्धा पडवीतच होता. आणि सांगणार तरी कोण? फोनच नव्हते.

मग मी सांगितलं. ती रडायला लागली, "आये, आये" करून रडली. बाप वर आला, त्यालाही रडू फुटलं. आई गेल्यापासून ती दोघं रडलीच नव्हती म्हणे. आम्ही तिला त्याच दिवशी घोडेगावला आत्याकडे सोडलं, मॅडमचं बोलणं पुढे बरेच दिवस चालू राहिलं. आज ती नर्सिंग करतेय. बरी आहे. भांडते माझ्याशी, म्हणजे बरीच आहे.

मी खूप डोकं लावलंय. सिस्टरांना भेटले, शपथा घालून विचारलं. त्या म्हणाल्या, हातात फोन नव्हता, कुणाचाच. ताप, सवय, पोरीच्या मनाचे खेळ, सगळं धरून बघितलं. शेवयांपाशी येऊन अडते. 'काल'पाशी येऊन अडते.

लॉकडाऊन उठल्यावर मनीषाच मागे लागली, अम्मींकडे जायचं म्हणून. मी टाळत होते. कुठल्या तोंडाने सांगणार होते हे? शेवटी नेलं. जुन्नरला दुकानाच्या मागेच घर. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. मी आपली मान खाली घालून बसलेली, आता म्हणतील थट्टा करताय का माझ्या पोरीची.

त्यांनी मनीषाला एवढंच विचारलं, "रोती थी क्या?"

"न्हाई. मला हसवायच्या."

"खोकला?"

"न्हाई. एकदाबी न्हाई."

अम्मी उठून आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या शेवया घेऊन आल्या. "तेव्हापासून केल्या नव्हत्या," म्हणाल्या.

आता मनीषा सुट्टीला आली की आम्ही जातो. दर वेळी अम्मी तिला समोर बसवून विचारतात, पहिल्या दिवशी काय बोलली, दुसऱ्या दिवशी काय बोलली. मनीषा न कंटाळता पहिल्यापासून सांगते. मी बाजूला बसलेली असते, माझी सायन्सची पदवी घेऊन. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. पण कोविड सेंटरच्या त्या खोलीत शाहीनपाशी शेवटचे दिवस घरचं कोणी नव्हतं. तेव्हा ती काय बोलत होती, हे अम्मींना सांगू शकणारी एवढी एकच पोरगी आहे, आणि ती जिवंत आहे.