यंदाचं मंगलाष्टक धाकटीनं लिहिलं

आमच्या भावकीत लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघतात आणि मग मंगलाष्टकासाठी माझ्याकडे येतात. येत होते, असं म्हणायला पाहिजे आता. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचनालय काही सुटलं नाही. कणीक मळता मळता चाल मनात घोळवायची आणि त्या चालीत आजे-पणजे, मामा-आत्या सगळ्यांची नावं बसवायची. वृत्ताला काय म्हणतात ते मला कुठं ठाऊक? कानाला खटकलं की बदलायचं, एवढंच.

आणि मग माझ्या धाकट्या जावेनं एम.ए. लावलं. मराठी घेऊन! पतसंस्थेत कारकून आहे ती, पन्नाशीला टेकलेली. नोकरी सोडायची नाही, घर सोडायचं नाही. रविवारी मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर तास, आणि बाकी सरांची व्याख्यानं मोबाईलवर. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ही भाकरी थापत ऐकायची. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळं सर माझ्याही स्वयंपाकघरात बोलायचे. मी खिडकी लावून घ्यायची. मग थोडी उघडायची.

बरं, रविवारचं मटण तिचा नवरा करायचा. माझ्या नवऱ्याला आजवर चहा करता आला नाही. आता जळू नको तर काय करू?

अशात कुरुंदवाडची नणंद आली. तिच्या पोराचं ठरलं होतं, मुलगी इचलकरंजीची. हा भाचा शाळेत जाईपर्यंत माझ्याकडेच वाढलेला, तेव्हा धाकटी या घरात आलीही नव्हती. त्याच्या मंगलाष्टकाच्या दोन ओळी तर मी केव्हाच मनात जुळवून ठेवल्या होत्या. नणंद माझा चहा प्यायली आणि म्हणाली,

"वैनी, रागवू नगा हं. औंदा मंगलाष्टक धाकटीला लिवू दे की. ती येम्मे करतीया. पोरीकडची समदी शिकल्याली हायती, जरा बरं दिसंल."

"लिवू दे की," मी म्हटलं. "मला बी तेवढाच इसावा."

त्या दिवशी माझी आमटी करपली.

आठवड्यानं धाकटी कागद घेऊन आली. "अक्का, ऐका की जरा. दोन कडवी झाल्यात, तिसरं व्हायचंय." बोटांवर लघू-गुरू मोजत तिनं वाचलं. चालीत बसलं होतं, खोटं कशाला बोलू. पण नवरा-नवरी सोडून एकाचंही नाव नव्हतं त्यात! आमच्यात मंगलाष्टकात नाव राहिलं की माणूस रुसतं. एकदा माझ्याकडून एका आत्याचं राहिलं, तर बाई पंगतीतनं उठून गेली होती. माझ्या जिभेवर आलं होतं सांगायचं. पण म्हटलं, केंद्रावर शिकतेय न्हवं, शिकू दे.

"छान झालंय," मी म्हटलं.

लग्नाला मुठीत अक्षता धरून मी नवरदेवाच्या आत्याकडे बघत उभी. आता रुसेल, मग रुसेल. धाकटीनं माईक घेतला. दोन कडवी झाली. मग तिसरं आलं. त्यात आजी होती, आत्या होती, मामा होता, सगळी नाती होती, पण नाव कुणाचंच नाही. आत्यानं पदर डोळ्याला लावला. शेजारची चुलत आत्या तिच्या कानात म्हणाली, "माझ्यावरच हाय बघ ती ओळ." नावच नाही, तर राहणार कुणाचं आणि रुसणार कोण?

आणि मग आलं,

"मामीच्या पदरात खेळत असे, ते बाळ झाले वर"

अक्षता टाकायचं राहिलंच माझं. डोळे भरून आले, आणि त्याचाच जास्त राग आला.

जेवणं झाल्यावर सगळ्या बायका धाकटीभोवती. "येम्मेवाल्या बाई, लई भारी!" तर ही हॉलभर ऐकू जाईल अशी म्हणते, "माझं काय न्हाय त्यात. अक्कांचं ऐकून ऐकून शिकले मी." बघा! मोठेपणासुद्धा हिनंच घेतला.

परतीच्या गाडीत नेमकी माझ्याच शेजारी बसली. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. शेवटी राहवेना.

"सातवीवालीला घेत्यात का गं कुठं?"

"घेत्यात की! सतरा नंबरचा फॉर्म भरून आधी धावी बाहेरनं द्यायची. मग बारावी, मग बी.ए., मग एम.ए. समदं आपल्या सोयीनं. औंदा न्हाय जमलं तर म्होरल्या खेपेला."

"तवर तू कुठल्या कुठं गेल्याली असणार."

"मला कुठं घाई हाय, अक्का? मी एकेक पेपर मागं ठिवत जाते. दोघी संगट संपवू."

"काय नगं!" मी म्हटलं. पुढची माणसं मागं वळून बघायला लागली. "तू तुझं जा म्होरं. मी गाठते का न्हाय ते बघ."