धमधम वरच्यांची नव्हती

आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या सगळ्या बिल्डिंगी धुंडाळल्या तरी आमच्या वरच्यांइतक्या हळू आवाजात गाणी ऐकणारा माणूस सापडायचा नाही. हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. लिहायला बसलो की चष्मा सापडायचा नाही, सापडला की भाजी आणायला जावं लागायचं, आणि काहीच आडवं आलं नाही तर मी स्वतःच आडवा व्हायचो. आमच्या सोसायटीत आजही त्यांचा विषय निघाला की लोक 'ते धमधमवाले' म्हणून हसतात. हसा. पण हे वाचून मग हसा. त्या वेळी सेक्रेटरी मी होतो, खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि ज्यांना ते आवडणार नाही त्यांनी खुशाल मीटिंग बोलवावी.

वरचे म्हणजे बरोब्बर माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. माझ्यासारखेच गिरगावातली खोली विकून इकडे आलेले, माझ्यासारखेच रिटायर झालेले. फरक कानांचा. जिना चढताना माझ्या बंद दाराशी थांबून ते बेल वाजवायचे आणि सांगायचे, "सेक्रेटरी, तुमच्या बेडरूमचा पंखा तेल मागतोय." मी पंख्याखाली उभा राहून मान मोडेपर्यंत ऐकायचो, मला काही कळायचं नाही, आणि पुढच्या आठवड्यात पंखा कुरकुरायला लागायचा. खाली बाकावर बसून कुठल्या घरात मिक्सर लागलाय हे तर ते सांगायचेच, पण आत ओलं खोबरं आहे की सुकं, हेही सांगायचे. त्यांना खोटं पाडायला एक गृहस्थ मुद्दाम त्या घरी जेवायला जाऊन आले. खोबरं ओलं निघालं.

कुणाच्याही घरात शिरले की हॉलच्या मधोमध उभे राहून ते एक सणसणीत टाळी वाजवायचे. खोलीत आवाज किती घुमतो ते बघायला. मग यजमानांना सांगायचे, "तुमची ही भिंत फार बोलते, तिथे पडदा लावा." एकदा सत्यनारायणाला गेले आणि दारातच टाळी वाजवली, तर आतल्या चार बायका आरती सुरू झाली समजून उभ्या राहिल्या. आणि एकदा मयताच्या घरी समाचाराला गेले तेव्हाही त्यांचे हात सवयीनं वर गेले होते, वहिनींनी वेळेवर धरले म्हणून निभावलं.

स्वतःच्या घरी त्यांच्याकडे दोन लहानसे स्पीकर होते, पुस्तकांच्या कपाटात मावतील एवढे. पण कपाटात ठेवायचे नाहीत, भिंतीपासून हातभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. त्यासाठी दोन स्टुलं, आणि स्टुलाला आवाज लागू नये म्हणून स्पीकरखाली रबरी चपलांचे कापलेले तुकडे. चपला वहिनींच्या होत्या आणि नव्या होत्या. आवाज इतका कमी ठेवायचे की गाणं लागलंय हे बाजूच्या खोलीतल्या माणसाला कळत नसे. "मोठ्यानं लावलं की गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही," हे त्यांचं म्हणणं.

मलाही रिटायर झाल्यावर गाणी ऐकायची हौस आली. पेन्शनीत बसतील आणि आमच्या छोट्या हॉलमध्ये मावतील असे स्पीकर हवेत म्हटल्यावर वरचे एखाद्या लग्नाला निघावं तसे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बरोबर वहिनींनाही घेतलं. मला वाटलं, त्यांना काही खरेदी असेल. भाईंदरच्या दुकानात पोचल्यावर कळलं की वहिनी हेच त्यांचं मोजमाप होतं. फोनवर त्यांनी वहिनींचं एक वाक्य रेकॉर्ड करून आणलं होतं: "अहो, कोथिंबीर संपलीय." आधी ते स्पीकरवर लावायचं, मग वहिनींनी तेच वाक्य तिथेच उभं राहून म्हणायचं, आणि वरच्यांनी पाठ फिरवून, डोळे मिटून दोन्ही ऐकायचं.

दुकानदार कळवळून सांगत होता, "अंकल, बेस सुनो, बेस!"

"बेस रहने दो. पहले हमारी मिसेस को सुनो."

पहिल्या जोडीवर ते म्हणाले, "ह्यात तुला सर्दी झालीय." दुसरीवर म्हणाले, "ह्यात तू माझ्यावर चिडलेली नाहीस. म्हणजे खोटा आहे." वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, घरात कोथिंबीर खरंच संपलीय हो. ते मात्र ह्यांना ऐकू येत नाही." शेवटी एका साध्या, काळ्या, ओळखीपाळखीचं नाव नसलेल्या जोडीवर वाक्य लागलं आणि वरच्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "आता कोण बोललं, तू की तो?" वहिनी बोललेल्याच नव्हत्या.

"हे घ्या, सेक्रेटरी. चप्पल पायाच्या मापाची घेता ना? स्पीकर खोलीच्या मापाचा घ्यायचा. बाकीचं सगळं दुकानाच्या मापाचं असतं."

मी नाही घेतले. एवढ्याशा डब्यांत काय असणार, आणि जावई आले तर त्यांना दाखवायचं काय? "विचार करतो," म्हणालो. चार दिवसांनी एकटाच गेलो आणि गुडघ्याएवढा बेसचा खोका असलेला मोठा सेट घेऊन आलो. वरच्यांना तोंड कसं दाखवणार, म्हणून तो खोका हॉलच्या कोपऱ्यात, खांबाला चिकटवून ठेवला, वर टेबलक्लॉथ, टेबलक्लॉथवर फुलदाणी. दुपारी हळू आवाजात लावायचो, पण बेसचं बटण पूर्ण फिरवून. मला वाटायचं, हळू लावलंय, कुणाला काय कळणार!

कळलं चौथ्या मजल्यावरच्या गुजराती आजींना, म्हणजे बांना. कोपऱ्यातल्या खांबातून ती धमधम सरळ वर चढली आणि त्यांच्या पलंगाला भिडली. बा मीटिंगमध्ये काठी टेकत आल्या. "नीचे से धमधम आवे छे, भाई. मेरा पलंग हिलता है." बांच्या खाली कोण? वरचे. स्पीकरचं वेड कुणाला? वरच्यांना. चेअरमन म्हणाले, "मग अजून काय पुरावा पाहिजे?" वहिनी उठून म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे लावलेलं मला स्वयंपाकघरात ऐकू येत नाही!" सगळे हसले. वरचे हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून मीटिंगचं इतिवृत्त लिहीत होतो.

वरच्यांच्या नावाची नोटीस मीच टाइप केली, एक प्रत बोर्डावर लावली आणि दुसरी मीच द्यायला गेलो. त्यांनी ती दारातच वाचली, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "कोपऱ्यातून काढा, सेक्रेटरी. बांना दुपारी झोप लागत नाही."

कुणाच्या मिक्सरमधलं खोबरं ओळखणाऱ्या माणसाला आपल्या पायाखालचा खोका कळला नसेल, असं मी इतके दिवस कसं मानलं होतं कोण जाणे. मी घरी आलो, वायर काढली आणि खोका माळ्यावर टाकला. धमधम थांबली. आणि तिथेच वरचे संपले. नोटीस दिल्याबरोबर आवाज थांबला म्हणजे आवाज त्यांचाच, हे सगळ्या बिल्डिंगीला पटलं. चेअरमननी माझी पाठ थोपटली. पोरं त्यांच्या दारावर मुठी आपटून 'धमधम' ओरडत पळायची. पुढच्या मीटिंगला वरचे सगळ्यांत आधी येऊन पहिल्या खुर्चीत बसले. मी बोलेन म्हणून बसले असावेत. मी पाण्याच्या टाकीच्या सफाईवर बोललो. त्यानंतर त्यांनी फ्लॅट विकला आणि उत्तनच्या पुढे पालीला एका गल्लीत छोटं घर घेतलं. लोक म्हणाले, बरं झालं.

बरं झालं नाही. हे मी आता सोसायटीच्या बोर्डावर लावणार आहे. नवे सेक्रेटरी म्हणतात, "जाऊ द्या ना काका, बा गेल्या, तेही गेले, आता कशाला?" कशाला म्हणजे? नोटीस बोर्डावर लागली होती, तर हेही बोर्डावरच लागेल. फाडलंत तर पुन्हा लावीन. झेरॉक्सचं दुकान खालीच आहे.

ते हयात असताना मी एकदा पालीला गेलो होतो. बसमध्ये पूर्ण वेळ वाक्य जुळवत होतो. गल्लीच्या तोंडाशी मासळी निवडत बसलेल्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "गाणीवालं आजोबा? त्या निळ्या दाराचं घर हाय. आवाज न्हाय यायचा, दार वाजवा." वरच्यांनी मला बघितलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. "अगं, सेक्रेटरी आलेत!" घरात चांगली खुर्ची एकच होती, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर समोर. तिच्यात त्यांनी मला बसवलं, स्वतः जमिनीवर बसले आणि एक जुनी ठुमरी लावली. ती ठुमरी चालू असताना मी मनातल्या मनात सगळं बोललो. गाणाऱ्या बाईंचा श्वास खरोखर ऐकू येत होता. ठुमरी संपली. वहिनी चहा घेऊन दारात थांबल्या होत्या. वरचे माझ्या तोंडाकडे बघत होते, त्या मीटिंगमध्ये बघत होते तसेच, फक्त आता त्यांना माझ्याकडून काही नको होतं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "छान."

म्हणायचं होतं, अहो, तो आवाज माझा होता, आणि तो तुमच्या नावावर लागला तेव्हा मी गप्प बसलो. मला माफ करा.