बाबाजानने उघडलेले अठरा डबे

राजूरच्या पेठेत बाबाजान कल्हईवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याच्या छपराखाली एक भाता, ऐरण आणि गावभरची भांडी. मी तिथल्या शाळेत मास्तर. १९४५ साली महाबळेश्वरला मधमाश्या पाळायला शिकून आलो, ते सातेरी माश्यांची एक पेटी आणि मधयंत्राचं चित्र घेऊन. लढाईच्या दिवसांत यंत्र कुठून मिळणार? चित्र बाबाजानपुढे ठेवलं.

“हे फिरवायचं कशाला, गुरुजी?”

“फिरवलं की मध उडून पिंपाला लागतो. पोळं पिळावं लागत नाही. तेच परत माश्यांना देता येतं.”

“म्हंजे घर न मोडता भाडं घ्यायचं!” तो हसला आणि कामाला लागला.

लोहाराच्या मोडक्या पंख्याची दातेरी चाकं त्याने पिंपाला बसवली. दोनदा पोळ्यांचा चुरा झाला. तिसऱ्या खेपेला पत्र्यावर बारीक खडे आपटावेत तसा आवाज आला आणि तळाशी सोनेरी मध साचू लागला. पुढे त्यानेही परसात चार पेट्या मांडल्या.

आमच्या डोंगरातली माणसं धूर करून मोहोळ पिळायची. त्या काळपट मधाला शहरात कोण विचारतो? यंत्र झालं तेव्हा आम्ही अठरा जणांनी संघ काढला. प्रत्येकाने आपला मध आणायचा, बाबाजानने डब्याला वितळलेल्या कथलाचा डाक लावून तोंड बंद करायचं, वर संघाचा शिक्का. पण कल्हईच्या नवसागराच्या धुराने त्याचं नाक केव्हाच गेलं होतं, जिभेलाही चव उरली नव्हती. म्हणून मध पारखायची त्याची बायको, मुबारकबी.

१९४७च्या वैशाखात नगरच्या एका वैद्यांनी अठरा डबे मागवले. मुबारकबी तेव्हा बहिणीकडे अकोल्याला गेली होती. बाबाजानने नुसता दाटपणा बघून डबे बंद केले. मोटार निघायच्या आदल्या सकाळी ती परतली. डबे भरताना सांडलेला मध एका वाडग्यात जमवला होता, त्यात तिने बोट बुडवलं.

“अवो, ह्यात काकवी हाय.”

“कुनाची?”

“ते कसं सांगू? सगळ्यांचाच हाय ह्यो.”

बाबाजानने मला बोलावून घेतलं. मी म्हणालो, “एकाचंच काम असेल हे. सतरा डबे तर चांगले आहेत. जाऊ दे या वेळी.” आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

“गुरुजी, ज्याच्या घरी अठरावा जाईल, त्याला संघ म्हंजे तेवढाच डबा,” तो म्हणाला आणि भट्टी पेटवली.

दिवसभर तो डाक वितळवून झाकणं काढत होता. मुबारकबी दर वेळी चूळ भरून चाखत होती. तेरावा डबा काकवीचा निघाला; तो होता कारभारी नावाच्या आमच्याच एका सभासदाचा. दुसऱ्या दिवशी मोटार डब्यांशिवाय गेली. सभासद माझ्यावर, बाबाजानवर भडकले. कारभारी स्वतःच आला, दाराशीच उभा राहिला.

“पोळं पिळलं, तशा माश्या उठून गेल्या माझ्या. थोडा मध हुता, त्यात काकवी घातली. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हनून...”

मी त्याचं नाव संघातून कमी करायला निघालो होतो. बाबाजान त्याला परसात घेऊन गेला आणि एका पेटीवर हात ठेवला. “ही तुझी. सांजच्याला माश्या आत आल्या की घिऊन जा. आन् आता तरी पोळं पिळू नको.”

माश्या आत येईपर्यंत कारभारी त्या पेटीपाशीच बसून राहिला.

उरलेले सतरा डबे पुन्हा बंद करून आठ दिवसांनी बाबाजान आणि मी नगरला गेलो. उशीर का झाला, हे त्याने वैद्यांना स्वतःहून सांगितलं. मुबारकबीने चाखून पकडलेल्या काकवीचंही सांगितलं, फक्त कारभारीचं नाव घेतलं नाही. वैद्यांनी सतराही डबे न उघडता आत नेले.

“पुढच्या साली तीस पाठवा,” ते म्हणाले. “आणि चाखायला बाईच असू द्या.”

दोन वर्षांत संघाचे चाळीस सभासद झाले. भंडारदऱ्याकडच्या वाड्यांवर पेटी कशी सांभाळावी हे शिकवत फिरायचा तो कारभारीच. बाबाजानला अध्यक्ष करायचं ठरलं, तर त्याने साफ नाही म्हटलं. उलट, “पारख करनारीला सभेत बसवा,” एवढाच त्याचा हट्ट. बाई सभेत कशी, म्हणून थोडी कुजबुज झाली. मग कारभारीच उठला आणि मुबारकबीसाठी सरकून जागा केली.