कॉम्प्युटरचा अंगरखा

गल्लीतले सगळे ज्यांना शिंपीमामा म्हणत, त्यांना दुकान बंद केल्यावरही हात स्वस्थ ठेवता येईनात. घरात काही उघडं दिसलं की ते त्याला कपडे शिवत. मिक्सरला, इस्त्रीला, एवढंच काय, पाण्याच्या पिंपालाही गळाबंद कोट होता. मामी म्हणायच्या, मी एका जागी फार वेळ बसत नाही, नाहीतर माझंही माप घेतील.

घरातला कॉम्प्युटर मात्र महिनाभर छळत होता. लांब राहणाऱ्या लेकीशी बोलणं रंगात आलं की नेमका तेव्हाच अडकायचा. पडद्यावर लेक तोंड वासून, एक डोळा मिटून तशीच राहायची आणि मामी त्या चेहऱ्यालाच जेवलीस का, म्हणून विचारत बसायच्या.

आज लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली होती. संध्याकाळी नात पहिल्यांदा दिसणार, आणि हा आजच अडकून बसला तर? मामांनी सकाळपासून कंबर कसली. बंद करून चालू केला. पत्त्यांचा खेळ काढून टाकला. लेकीने फोनवर सांगितलेली वायर उपटली, परत खोचली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन ते कॉम्प्युटरच्या डब्याला भोक शोधू लागले, तेव्हा मामींनी कुपी हिसकावली.

देवाचं नाव घेऊन मामींनी, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, डब्याला हात लावला. कापडाआडूनही धग लागली. डब्याला मामांनी मागच्याच महिन्यात शिवलेला, कापूस भरलेला अंगरखा होता. अगदी मापात, पाठीमागे नाडी, बटणापुरतं एक काज. आतला पंखा बिचारा गुदमरून गेला होता.

"काढा ते," मामी म्हणाल्या.

मामांचा चेहरा पडला. धूळ बसेल, उघडंवाघडं बरं दिसत नाही, असं पुटपुटत त्यांनी नाडी सोडली.

संध्याकाळी लेक दिसली, हसली, मनसोक्त बोलली. मग तिने बाळ पुढे धरलं. नात काही हलेना. डोळे मिटलेले, मूठ हवेत.

"घ्या, पुन्हा अडकला लेकाचा," म्हणत मामा बटणाकडे झेपावले.

"बाबा, हात लावू नका," लेक कुजबुजली. "झोपलीये ती."

दोघं श्वास रोखून बघत बसली. बऱ्याच वेळाने नातीने भलीमोठी जांभई दिली. मामींनी हात जोडले.

"चालू आहे," मामा म्हणाले.