पुजलेलं चित्र

कंपनीत मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. ती नोकरी सोडून चित्रं करायला लागलो, तेव्हा मी आणि आई गिरगावातून भाईंदरला राहायला आलो होतो. नव्वदीची सुरुवात होती. गॅलरीतून मिठागरं दिसायची. ते चौकोनी वाफे मला थेट सर्किट बोर्डासारखे वाटायचे. म्हणून भंगारातले हिरवे बोर्ड प्लायवुडवर बसवून मी मिठागरं केली, तांब्याच्या तारांचे बांध घातले आणि मिठाच्या राशी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या केल्या. एका प्रदर्शनासाठी माझं चित्र पहिल्यांदाच निवडलं गेलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्यायला टेम्पो येणार होता.

मी काय करतोय ते आईला सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. ती "हो हो" म्हणायची आणि कुकर लावायला जायची.

दसऱ्याला तिने मला झेंडू आणायला पिटाळलं. परत येऊन बघतो तर शिलाई मशीन, मिक्सर, कात्री आणि त्यांच्या रांगेत माझं चित्र! प्रत्येक चिपला हळदीकुंकवाचं बोट, वर अक्षता, वर पळीभर पाणी. कुंकू राशींवरून ओघळत होतं. प्लास्टरच ते, पाणी पडेल तेवढं पिणार.

"आई, काय केलंस हे!"

"सगळ्या मशिनींची पूजा केली, मग याचीच का ठेवू?"

मी फडकं घेऊन धावलो. तिने मनगट धरलं. "आज हात लावायचा नसतो रे. पुजलंय. उद्या काय ते कर."

उद्या कसलं? तोवर लाल रंग आत मुरून बसणार होता. मला इतका राग आला, की दोन्ही पाय आपटून रडावंसं वाटलं. पण ती हात जोडून, डोळे मिटून उभी होती. अशा बाईवर ओरडणार तरी कसं?

डोळे उघडून ती हळूच म्हणाली, "गणपतीपासून बघतेय, रोज खटपट करतोयस. बिघाड काही सापडत नाहीये तुला. देवीला सांगितलंय मी, एवढं चालू होऊ दे. मग साहेब घेतील ना तुला परत?"

मी फडकं खाली ठेवलं.

"घेतील," म्हणालो.