एकाच माणसाचे दोन नमुने

ताईंचा हुद्दा एवढा लांबलचक, की केबिनच्या पाटीवर मावेना. "वरिष्ठ शास्त्रज्ञ" एवढं रंगवून पाटीवाल्याने हात टेकले. काम विचाराल तर हजारो लोकांच्या रक्तातली जनुकं आणि त्यांचे दवाखान्यातले जुने रिपोर्ट कॉम्प्युटरपुढे ठेवायचे, आणि येऊ घातलेला आजार आधीच ओळखायला त्याला शिकवायचं. आई शेजारणींना सांगायची, "आमची मुलगी कॉम्प्युटरला डॉक्टर करतेय." त्यावर धाकटा भाऊ म्हणायचा, "बरं झालं, त्याचं अक्षर तरी वाचता येईल."

हा भाऊ सायकली दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात ताईंची टिंगल. तसा हक्कच होता त्याचा. कॉलेजात असताना त्याला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा ताईंनी त्याला आपला बोन मॅरो दिला. तेव्हापासून त्याच्या अंगात तयार होणारं रक्त ताईंचं. पठ्ठ्याने याचा पुरेपूर फायदा उठवला. कुणावर डाफरला की म्हणायचा, "मी कुठे चिडतोय, ताईचं रक्त चिडतंय."

वर्षानुवर्षं मजेत गेली, आणि आता अचानक तो दमायला लागला. एक चाक बसवलं की स्टुलावर बसून राहायचा. आजाराचं नाव घरात कुणी काढलं नाही. ताईंनी त्याला दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला दिलं. जुना आजार परतलाय का, हे सांगणारा रिपोर्ट यायला वेळ लागणार होता.

नेमकं त्याच दिवशी ताईंच्या संस्थेत नव्या प्रोग्रॅमची चाचणी होती. सख्खी भावंडं त्याला ओळखता येतात का हे बघायला कर्मचारी आपापल्या भावाबहिणींना घेऊन रक्त देत होते. "चल, बाही वर केलेलीच आहे," भाऊ म्हणाला. ताईंचं चित्त थाऱ्यावर कुठलं? बोन मॅरो घेतलेल्यांचं रक्त घ्यायचं नाही, हा नियम त्यांनीच घातलेला, आणि त्यांनाच तो आठवला नाही. भाऊ, पुरुष, अशी नोंद करून त्या मोकळ्या झाल्या.

पुढे कामात लक्ष लागेल तर शपथ. अशात एका दुपारी शेजारच्या खोलीतले गणिती कपाळाला आठ्या घालून आले.

"मॅडम, घोळ झालाय. तुमच्या भावाच्या नावाचं रक्त बाईचं निघालं. आणि नुसत्या बाईचं नाही, तुमचंच. प्रोग्रॅम म्हणतो, एकाच माणसाने दोनदा दिलंय. एक नमुना काढून टाकू ना?"

ताई ताडकन उभ्या राहिल्या. "त्यात दुसऱ्या कुणाची भेसळ दिसते?"

"कणभरही नाही. सगळं तुमचंच."

आजार परतला असता, तर भावाच्या स्वतःच्या जुन्या, आजारी पेशी रक्तात कुठेतरी डोकावल्या असत्या. इथे तर एकट्या ताईच ठाण मांडून बसल्या होत्या. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला. गणिती बिचारे पाण्याचा ग्लास धरून उभे.

"खुशाल काढून टाका," त्या म्हणाल्या, "पण आधी ते पुन्हा एकदा वाचून दाखवा."

दवाखान्याचा शिक्का बसेपर्यंत भावाला काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. शास्त्रज्ञच त्या. हा संयम जेमतेम जिन्यापर्यंत टिकला. तिथूनच त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "रिपोर्ट आत्ताच आलाय," बाई म्हणाल्या. "तो आजार नाही. लोह कमी पडलंय, गोळ्या घेईल आणि पळायला लागेल."

ताई तडक दुकानात गेल्या. सगळं ऐकून भावाने हातातला पाना खाली ठेवला.

"फार घाबरलो होतो गं, ताई."

"मीसुद्धा." त्या टायरच्या ढिगावर बसल्या. "आमचा कॉम्प्युटर म्हणतो, तू म्हणजे मीच."

"मग उद्या ऑफिसला मी जातो. तू हे पंक्चर काढ."

ताईंनी खरोखर बाह्या सरसावल्या. ट्यूब बादलीत बुडवली, आणि पहिल्याच फटक्यात निम्मी बादली स्वतःच्या अंगावर ओतून घेतली. भाऊ पोट धरून हसत सुटला.

"हसतोस काय?"

"मी कुठे हसतोय," तो डोळे पुसत म्हणाला, "तुझं रक्त हसतंय."